परवचा पुन्हा सुरू करू या



दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धेत आमच्या चिरंजीवांना पहिले बक्षीस मिळाले. तेव्हा तो चौथीत होता. मनाचे दहा श्लोक त्याने एकदाही न अडखळता, हातवाऱ्यांसकट म्हटले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आम्ही उभयता धन्य झालो. दोन महिन्यांनी दिवाळीला पुण्याहून त्याची आत्या आली. कौतुकाने तिने श्लोक म्हणायला सांगितले, तर स्वारी तिसऱ्या श्लोकाला थांबली. आत्याने सहज एका ओळीचा अर्थ विचारला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "बाबा, ते तर याद करायचं होतं ना, समजायचं कुठे होतं?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्याच हिवाळ्यात माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. आई इंदुरातच जन्मली आणि इंदुरातच वाढली. भाजीवालीशी, शेजारणींशी, बँकेत उत्तम हिंदी बोलणारी. आजारातून ती उठली, पण तिची हिंदी मागे राहिली. तोंडात फक्त मराठी, तीही जुन्या वळणाची. डॉक्टरांनी सांगितले की असे काही जणांचे होते, प्रत्येकाचे होतेच असे नाही. फ्रान्समधल्या रिबो नावाच्या विद्वानाने १८८१ सालीच लिहून ठेवले होते की स्मृती जाते तेव्हा बहुधा नवे आधी जाते आणि जुने शेवटपर्यंत टिकते.

एका दुपारी आई पडून होती. नातू खोलीत आला तेव्हा ती म्हणाली, "बाळा, दार लोट जरा." तो आल्या पावली परत गेला. संध्याकाळी आई माझ्यापाशी रडवेली झाली, "पोराला माझ्याजवळ बसवत नाही रे." मी त्याला विचारले. तो म्हणाला, "आजीनेच मला लौटायला सांगितलं."

या वेळी कोणी हसले नाही. ज्या मुलाला मराठी पाठांतराचे पहिले बक्षीस मिळाले होते, त्याला "दार लोट" कळले नव्हते. चूक ना त्याची, ना आजीची. मग कोणाची, या प्रश्नाने मी बरेच वाचन केले, थोडे प्रयोग घरी करून पाहिले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो आहे. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. या शाळेचा माजी विद्यार्थी आणि एक पालक, एवढाच माझा अधिकार.

पहिली गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजत असे. या वाचलेल्या वेळाला त्याने बचत म्हटले. तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत संपलेली असे. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश उरत असे. म्हणजे विसरणे सुरुवातीला घसरगुंडीसारखे, नंतर हळूहळू. गणपतीत म्हटलेले श्लोक दिवाळीत आठवले नाहीत, यात नवल काहीच नाही. नवल उलट असते तर वाटायला हवे होते.

पण याच प्रयोगांत दोन आशेच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे महिन्यानंतरही बचत शून्य होत नाही. आपल्याला "सगळे गेले" असे वाटते तेव्हाही काहीतरी आत शिल्लक असते आणि दुसऱ्यांदा शिकणे सोपे जाते. दुसरी म्हणजे अर्थ असलेली कविता पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे दहावा हिस्साच श्रम पडले. आता मला सांगा, अर्थ न सांगता आपण मुलांकडून श्लोक पाठ करून घेतो तेव्हा त्यांच्यासाठी ती कविता असते की निरर्थक अक्षरांची यादी?

दुसरी गोष्ट आठवण्याची. आपण समजतो की वाचणे म्हणजे शिकणे आणि परीक्षा म्हणजे शिकलेले मोजणे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तर मिटून आठवणारे पुढे गेले. आठवण्याचा प्रयत्न हीच स्मरणाची तालीम आहे. रात्री जागून वाचलेले सकाळच्या पेपरापुरते पुरते आणि मग उडून जाते, हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे.

झोपेचेही तसेच. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ साली दाखवले की पाठ केल्यावर झोप घेतली तर त्याच अवधीत जागे राहण्यापेक्षा कमी विसरले जाते. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करायला लावणाऱ्या पालकांनी थोडा विचार करावा.

आता या दोन गोष्टी एकत्र केल्या की काय होते? थोडे थोडे, रोज, अंतर ठेवून, पुस्तक मिटून आठवायचे. हे वाचताना मला आमच्या आजोबांचा वाडा आठवला. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन आम्ही ओळीने बसायचो. शुभंकरोती झाली की परवचा. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, मग महिने, तिथी, नक्षत्रे. पुस्तक कोणाच्याही हातात नसे. एकाने सुरुवात करायची, अडला की दुसऱ्याने उचलायचे. रोज पंधरा-वीस मिनिटे, वर्षानुवर्षे. आजही मला बाजारात दीड किलोचा हिशेब करायला मोबाइल काढावा लागत नाही, तो त्या संध्याकाळांमुळे. संशोधकांनी प्रयोगशाळेत जे दाखवले, ते आपल्या ओसरीवर आधीपासून चालले होते. वेदपाठी घराण्यांतून तर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी शब्दांची उलटसुलट गुंफण करून पाठांतर होई, म्हणजे एक अक्षरही इकडचे तिकडे होऊ नये.

अर्थात जुने ते सगळे सोने नव्हते. परवचा चुकला की पाठीत धपाटा बसे, आणि नक्षत्रांची नावे घडाघडा म्हणणाऱ्या आम्हा मुलांपैकी आकाशात रोहिणी दाखवू शकणारे कोणी नव्हते. धाक आणि अर्थहीनता हे दोन दोष काढून टाकू या. पण दोषांबरोबर आपण परवचाच टाकून दिला आणि त्याच्या जागी वर्षातून एकदा येणारी स्पर्धा ठेवली. तिथे आपली गफलत झाली.

तिसरी गोष्ट खास आपल्या इंदूरची. आपली मुले मराठी शिकतात ती कोऱ्या पाटीवर नव्हे. पाटीवर हिंदी आधीच ठळक उमटलेली आहे, आणि दोन्ही भाषा बहिणी-बहिणी असल्यामुळे गोंधळ कमी न होता वाढतो. परकी भाषा शिकताना निदान कळते तरी की हा शब्द नवा आहे. इथे शब्द ओळखीचा वाटतो आणि फसवतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत ती भोगावी लागते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. तिकडे आपत्ती नोंदवतात, इकडे ती कोसळते. तिकडचे यातायात म्हणजे वाहतूक, आपली यातायात म्हणजे दगदग (राजवाड्यावर संध्याकाळी दोन्ही अर्थ लागू पडतात!). लिंगाचे तर विचारूच नका. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. "मजा आला", "आवाज आली", "चहा थंड झाली", "माझी पुस्तक" ही वाक्ये आपल्या घराघरांत ऐकू येतात. मुले व्याकरणात कच्ची म्हणून असे होत नाही. जुनी सवय नव्या सवयीच्या वाटेत आडवी येते, म्हणून होते.

उच्चाराचेही तेच. हिंदीच्या सवयीने ळ चा ल होतो आणि वेळ ची वेल, मूळ चे मूल, काळ चा काल होऊन बसतो. इथे कानाचा प्रश्न आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर आपल्याच शेजारच्या ध्वनींवर आहे. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखत होती. वर्षाची होता होता त्यांतल्या बहुतेकांना तो फरक ओळखू येईनासा झाला, कारण घरी तो कधी कानावर पडतच नव्हता. म्हणून पाळण्यातल्या बाळाशी मराठी बोलणे ही हौस नाही, ती पेरणी आहे.

आणि पेरलेले सहसा वाया जात नाही. लहानपणी नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या, कोरियन पूर्ण विसरलेल्या प्रौढांना कोरियन ध्वनी पुन्हा शिकवले तेव्हा ते इतर डच लोकांपेक्षा लवकर शिकले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. काही जण तर बोलू लागण्याआधीच कोरिया सोडून आले होते. शाळेत शिकलेल्या भाषेविषयी हॅरी बाहरिक यांचा १९८४ चा अभ्यास आहे. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांना त्यांनी तपासले. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरेच विसरले गेले होते, पण त्यानंतर जे उरले ते पुढची पंचवीस-तीस वर्षे जवळपास तसेच टिकले होते. मूळ शिक्षण जितके पक्के, तितके अधिक टिकलेले.

"मुलांचे ठीक, आमचे वय गेले" असे म्हणणाऱ्या सुनांना आणि जावयांनाही सांगतो. विनोबाजी १९६० साली आपल्या इंदुरात मुक्कामाला होते, इथला विसर्जन आश्रम त्यांच्याच प्रेरणेचा. त्यांनी दक्षिणेकडच्या भाषा शिकल्या त्या वेल्लोरच्या तुरुंगात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. लताबाई तर १९२९ साली इथेच जन्मल्या. मराठी गायिकेच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, अशा अर्थाचा शेरा दिलीपकुमारांनी मारला, तेव्हा त्यांनी रुसून न बसता मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली. पुढचे सर्वांना माहीत आहे.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. स्मरण एकाच प्रकारचे नसते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. पण आरशात बघून आकृती गिरवण्याचे काम त्याला रोज दिले तेव्हा हात सुधारत गेला, जरी काल आपण हे केले होते याची त्याला आठवण नसे. माहितीची आठवण वेगळी आणि सवयीची वेगळी. शब्दाचा अर्थ ही बरीचशी माहिती आहे. वाक्य तोंडात बसणे ही मात्र सायकलसारखी सवय आहे. "चहा पुल्लिंगी" हा नियम शंभरदा लिहून "चहा झाला" तोंडात बसत नाही. चहा पिताना ते वाक्य शंभरदा बोलावे लागते. म्हणून भाषा फक्त तासाला शिकवून येत नाही, आणि म्हणूनच केवळ शाळेला दोष देणाऱ्या पालकांशी (त्यात मीही होतो) मी सहमत नाही.

आता जरा मागे वळून पाहू. होळकरांबरोबर आणि त्यांच्यामागून मराठी माणूस माळव्यात आला, त्याला आता तीनशे वर्षे होत आली. १८१८ साली इंदूर राजधानी झाले. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या गावाने भरवली. १९१८ साली याच गावात हिंदी साहित्य संमेलन भरले, गांधीजी अध्यक्ष होते. तिथल्या विचारातून दक्षिणेत हिंदी शिकवण्याचे काम सुरू झाले आणि देवदास गांधी मद्रासला गेले. एक भाषा जपत दुसरी शिकणे ही या गावाची रीतच आहे. माझे हिंदीशी भांडण नाही. हिंदीने आपल्याला पोट दिले, मित्र दिले, पोहे-जलेबीवरच्या गप्पा दिल्या.

पण आमच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तीत पणजोबांची मोडी पत्रे आहेत. आजोबा ती वाचत, वडील अडखळत वाचत, मला एक अक्षर लागत नाही. मोडीवर कोणी बंदी आणून ती आमच्या घरातून घालवली नाही. घरात तिचे रोजचे काम संपले, कोणी आठवून पाहिली नाही, आणि दोन पिढ्यांत आमचेच कागद आम्हाला मुके झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले. चांगलेच झाले. पण त्या दर्जाने माझ्या मुलाला "दार लोट" कळणार नव्हते.

म्हणून माझ्या चार सूचना.

पहिली, घरोघरी परवचा. दिवेलागणीला नाही जमले तर जेवणाआधी, पण रोज, दहा-पंधरा मिनिटे. मिठाईचे तीन रिकामे डबे घ्यावे. रोज पाच नवे शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहावे. एका बाजूला गाळलेल्या जागेचे वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. पहिल्या डब्यातल्या चिठ्ठ्या रोज विचाराव्या, दुसऱ्यातल्या तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातल्या रविवारी. आले तर चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकले तर पुन्हा पहिल्यात, धपाटा न घालता. अशा पेट्यांची युक्ती सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ साली आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केली. महिन्यात पंचवीस दिवस धरले तरी दहा महिन्यांत साडेबाराशे शब्द होतात. निम्मे टिकले तरी आजीशी बोलायला पुष्कळ झाले.

दुसरी, सुटा शब्द नको, वाक्य हवे. "आवाज" नव्हे, "आवाज आला". "लोटणे" नव्हे, "दार लोट", आणि लगेच उठून दार लोटायचे.

तिसरी, चूक झाली की हसू नये. "मजा आला" म्हटले तर "हो का, मजा आली? काय केलंस?" एवढेच म्हणावे. दुरुस्तीही होते आणि गप्पाही थांबत नाहीत. मराठी बोलल्यावर हसे झाले की मूल हिंदीत शिरते, आणि ते साहजिक आहे.

चौथी सूचना आपल्या शाळेच्या आणि समाजाच्या कार्यकारिणीला. पाठांतर स्पर्धा बंद करू नका, दोनदा घ्या. गणपतीत पहिली फेरी, आणि दिवाळीनंतर न सांगता दुसरी, त्यात दोन ओळींचा अर्थही विचारावा. मोठे बक्षीस दुसऱ्या फेरीला ठेवावे. आणि रविवारचा दोन तासांचा मराठी वर्ग भरतो, त्याऐवजी रोज शाळा सुटताना पंधरा मिनिटे मिळाली तर आठवड्याला दीडच तास लागेल आणि फायदा अधिक होईल, असे वरच्या सगळ्या विवेचनावरून मला वाटते.

"मुलांवर आधीच ओझे कमी आहे का?" असे कोणी विचारील. रास्त आहे. पण हीच पद्धत विज्ञानाला, इतिहासाला, इंग्रजी स्पेलिंगांनाही लागू पडते. मराठीच्या निमित्ताने मूल आठवायला शिकले तर बाकीचे ओझे हलकेच होईल.

आमच्या घरी हा परवचा गेले वर्षभर चालू आहे. प्रश्न विचारायचे काम आईकडे दिले आहे. तिचे बोलणे अजून अडखळते, कधी तिलाच चिठ्ठीवरचा शब्द आठवत नाही, मग नातू सांगतो. मधे परीक्षा आणि लग्नसराईत तीन आठवडे खंड पडला, तर तिसऱ्या डब्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या पहिल्यात परत आल्या. काही हरकत नाही, पुन्हा सुरुवात केली. श्लोक अजून दहाचे दहा येत नाहीत. सहा येतात, पण सहांचा अर्थ तो सांगतो.

आपल्या घरात काय अनुभव आहे, माझे कुठे चुकते आहे, हे संपादकांकडे जरूर कळवावे. पुढच्या पालक सभेला मी ते तीन डबे घेऊन येणार आहे.

आपला,
एक माजी विद्यार्थी व पालक